रिपोर्टमध्ये १.०५ लिहिलंय, म्हणजे पॅनल १०५ टक्के आवाज गिळतो का?

डग्गेवाला:
घोडबंदर रोडला एका गाळ्यात तबल्याचा क्लास घेतो. १५ बाय १२ ची खोली, उंची १० फूट, खाली टाइल्स, भिंती कोऱ्या, चार पोरं एकदम वाजवायला बसली की तिरकिटचा पार काला होतो आणि डग्गा तर नुसता घुमत राहतो. तुर्भ्याला एकाने २५ मिमीचे पॅनल दाखवले, सोबत लॅबचा रिपोर्ट, त्यात १००० हर्ट्झला १.०५. म्हटलं भाऊ, न केलेला आवाजपण गिळतो का हा? तर म्हणे साहेब लॅबचं आहे. चुना लावतोय का?

पारसिक_हिल:
आकडा खोटा असेलच असं नाही. अशा लॅबमध्ये काही वर्षं काढलीत म्हणून सांगतो. २०० घनमीटरच्या आसपासची काँक्रीटची रिकामी खोली असते, आत नुसतं खाकरलं तरी कितीतरी वेळ ऐकू येतं, वरून वाकडेतिकडे पत्रे टांगलेले म्हणजे आवाज सगळीकडे सारखा पसरावा. स्पीकरवर आवाज लावायचा, खटकन बंद करायचा, विरायला किती वेळ लागला ते मोजायचं. मग जमिनीवर १० ते १२ चौरस मीटर (चौमी) माल अंथरून परत तेच. दोन वेळांतल्या फरकावरून मालाने किती गिळलं ते निघतं आणि त्याला मालाच्या सपाट क्षेत्रफळाने भागतात. गोची इथेच आहे, कडांपाशी आवाज वळून आत शिरतो त्यामुळे माल आहे त्याहून मोठा असल्यासारखा गिळतो, पण भागाकार मात्र सपाट मापानेच, म्हणून १ च्या वर जातं. हिशोबाला १ च धर. (दोन्ही वेळा हवेतला दमटपणा सारखा लागतो, नाहीतर वरच्या फ्रिक्वेन्सी गंडतात. पावसाळ्यात आमचा निम्मा दिवस त्यातच जायचा.)

सीवूडकर:
हे सगळं १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या सेबिन नावाच्या प्राध्यापकाने सुरू केलं, शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायची आणि घड्याळ लावून बसायचं. सूत्र अजून तेच, घुमण्याचे सेकंद म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचे घनमीटर भागिले शोषण (म्हणजे आवाज पूर्ण गिळणारे किती चौमी). तुझी खोली ५१ घनमीटर. फुगा फोडून बघ, समजा दीड सेकंद घुमलं तर आत्ताचं शोषण साडेपाच चौमी, अर्ध्या सेकंदावर आणायचं तर साडेसोळा लागेल, म्हणजे अजून ११ चौमी, साधारण १२० स्क्वेअर फूट. एवढं बजेट आहे का बघ आधी.

पारसिक_हिल:
आणि डग्ग्यासाठी एनआरसी (मालाची शोषणक्षमता एकाच आकड्यात सांगतात तो) बघू नकोस, त्यात २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झचीच सरासरी असते, डग्ग्याचा घुमारा त्याच्या खाली. १२५ चा आकडा बघ. शिवाय जाडी काय आणि माल जमिनीवर टेकवून तपासलाय की मागे ४०० मिमी पोकळी सोडून, तेपण लिहिलेलं असतं. पोकळीवाला रिपोर्ट दाखवून भिंतीला चिकटवायचा माल विकणारे खूप आहेत.

डग्गेवाला:
आत्ता नीट वाचला. टेकवूनच तपासलाय, पण जाडी ५० मिमी आहे!! मला दाखवलेला २५ चा. आणि १२५ ला त्या ५० वाल्याचापण ०.२० च. उद्या तुर्भ्याला जातो, दादा तुमची १२५ ची ओळ त्याच्यासमोर मोठ्याने वाचतो.

सीवूडकर:
जाताना टेप घेऊन जा, ५० म्हणून ४० पण देतात. आणि डग्ग्यासाठी कोपऱ्यांत १०० मिमी रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), मागे हात जाईल एवढी फट सोडून.