विल्यम ओब्रायनचे कागद मालवणात बसून वाचता येतील का?

माळ्यावरची_पेटी:
नमस्कार मंडळी, एमएच्या प्रोजेक्टला १९१३ चा आयर्लंडमधल्या डब्लिनचा लॉकआऊट (मालकांनी केलेली टाळेबंदी) घेतलाय. आजोबा गिरणीत होते, त्यामुळे मालकाने टाळं लावलं, युनियन सोड म्हणून कागदावर सही मागितली हे वाचलं की लगेच घरातलंच वाटतं. तिथला कामगार पुढारी विल्यम ओब्रायन याचे कागद जपून ठेवलेत म्हणे, पण नेटवर शोधलं तर सगळं शेतकरी चळवळ आणि पार्लमेंटचंच येतंय. आणि डब्लिनला जायचे पैसे नाहीत हे वेगळं सांगायला नको 😅

खाडीपलीकडचा:
अरे तू चुकीचा ओब्रायन पकडलायस. एक १८५२ चा, जमिनीच्या चळवळीतला खासदार. तुझा १८८१ चा, पेशाने शिंपी, पुढे १९२४ ते १९४६ ट्रान्सपोर्ट युनियनचा (आयर्लंडची वाहतूक आणि इतर कामगारांची मोठी युनियन) जनरल सेक्रेटरी. त्याचे कागद डब्लिनच्या नॅशनल लायब्ररीत आहेत, कॅटलॉग घरी बसून बघता येतो. त्यात जेम्स कॉनोली या समाजवादी कामगार पुढाऱ्याचेही कागद आहेत, कारण दोघांचं जुनं मैत्र, १९१० ला कॉनोलीला अमेरिकेतून परत आणायला यानेच खटपट केली आणि १९१६ च्या इंग्रजांविरुद्धच्या उठावानंतर कॉनोलीला गोळ्या घातल्यावर त्याचं मिळेल ते यानेच सांभाळलं.

फुकटात हवं असेल तर आधी ब्युरो ऑफ मिलिटरी हिस्ट्रीच्या (आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या लोकांच्या आठवणी नोंदवणारं सरकारी खातं) जबान्या बघ, १९४७ ते १९५७ मध्ये लोकांकडून घेतल्या, २००३ पर्यंत कुलपात होत्या, आता सगळ्या १,७७३ नेटवर आहेत आणि त्यात ओब्रायनचीपण आहे.

रापणीचो_रे:
आमच्या आज्याच्या पेटयेत युनियनच्यो पावत्यो होत्यो, आवशीन चुलीत घातल्यान. झाला आर्काइव्ह 😂

शाळामास्तर_निवृत्त:
हसू नका, मुद्दा तोच आहे. ओब्रायनने कागद ठेवले म्हणून आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो. लॉकआऊटमध्ये वीस हजारांवर माणसं रस्त्यावर आली, त्यांचा खरा आवाज ही ट्रान्सपोर्ट युनियन उभी करणारा जिम लार्किन, पण तो १९१४ ला अमेरिकेत गेला, तिथे तुरुंगात पडला, १९२३ ला परत आला तोवर युनियन ओब्रायनच्या हातात, आणि वर्षभरात लार्किनलाच बाहेर काढलं. हे भांडण त्यांनी मरेपर्यंत सोडलं नाही. आता एका भावकीने सातबारा जपून ठेवला आणि दुसऱ्याकडे नुसत्या आठवणी, तर तंटा कुणाच्या बाजूने लिहिला जाईल तुम्हीच सांगा. म्हणून बाळा, ओब्रायन वाच पण लार्किनबद्दल तो जे बोलतो ते पारखूनच घे.

आणि तुलना करायची असेल तर आपले ना. म. जोशी आहेतच, रायगडातल्या गोरेगावचे (मुंबईचं नव्हे, माणगावजवळचं), १९२० ला आयटक (देशभरातल्या कामगार युनियनांची संघटना) उभी करणाऱ्यांतले. त्यांचे कागद दिल्लीत तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात. दिल्ली निदान कोकणकन्येच्या पुढच्या तिकिटाएवढी तरी जवळ.

माळ्यावरची_पेटी:
सर, सातबाऱ्याचं एकदम डोक्यात बसलं. ओब्रायनच चुकीचा होता म्हणजे दोन आठवडे पाण्यात 🤦 जबानी आज रात्रीच उतरवतो, लाईट असली तर.
एक विचारू का, आजोबांची खरीच एक पेटी आहे माळ्यावर, ८२ च्या संपातली पत्रकं वगैरे. एका बाजूला वाळवी लागलीय. लॅमिनेट करून घेऊ का?

खाडीपलीकडचा:
लॅमिनेट अजिबात नको!! सेलोटेपपण नको. आधी मोबाईलवर एकेक पानाचा फोटो काढ, पाठची बाजूपण, आजोबा लोक मागे हिशेब लिहायचे. मग सावलीत वाऱ्यावर ठेव, उन्हात नको. सुती कापडात गुंडाळ, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलंस तर आपल्या पावसाळ्यात आतच बुरशी धरते. आणि ते आवशीला आधी सांगून ठेव 🙂