प्रतिसाद: अवकाळीत पक्षी बघायला जावं का?

'मार्च-एप्रिलात आभाळ आलं की घरी बसलेलं बरं' हे वरचं मत अर्धंच पटलं. वळीव कोसळत असताना काही दिसत नाही, खरंय. पण खरी मजा पाऊस थांबल्यावरच्या तास-दोन तासांत असते. परतीच्या प्रवासातले पक्षी समोरून वारा आणि पाऊस आला की उडायचं थांबवून खाली उतरतात. त्यात ओल्या जमिनीतून किडे वर येतात, म्हणजे भुकेल्या पाहुण्यांची सोयच.

अशा वेळी सोलापुरातून तुळजापूर रोडनं हिप्परगा तलावावर जा. काठावरच्या ओल्या गवतात पिवळे धोबी बघा. या दिवसांत नर असे झळाळत असतात की हिवाळ्यातला मळकट पक्षी तो हाच, हे पटत नाही. पळसमैनांचे (आपल्याकडच्या भोरड्या) थवे मध्य आशियाकडे निघण्याआधी बाभळीत कलकलाट करत असतात. ज्वारीवाल्यांना विचाराल तर शिव्याच ऐकाल, तो भाग वेगळा! सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर उशिरा निघालेला एखादा भोवत्या (हिवाळ्यात येणारा शिकारी पक्षी) भिजलेले पंख वाळवत जमिनीवर बसलेला दिसू शकतो.

विजा कडाडत असतील तर मात्र माळावर पाऊल टाकू नका, एकट्या झाडाखाली तर मुळीच नाही. गारांची तर चेष्टा नकोच, 2014 ची गारपीट सोलापूरकर विसरलेले नाहीत. गाडी डांबरीवरच ठेवा, काळ्या रानात रुतली तर ट्रॅक्टर शोधत बसाल. दुर्बिणीसाठी कोरडं सुती फडकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या.