डोंगरात गाडी बंद पडली तेव्हा (अनुभव धागा)

दादरकर भटक्या

काल संध्याकाळी किंग्ज सर्कलच्या सिग्नलला एका पोराची गाडी मध्येच बंद पडली. मागून हॉर्नवर हॉर्न. त्याचे दोन मित्र पुढे गेले होते, ते गाड्या कडेला लावून उलटे चालत आले, एकाने हेल्मेट काढून सीटवर ठेवलं आणि सरळ क्लचच्या लिव्हरला भिडला. क्लच वायर तुटलेली दिसत होती. मी टॅक्सीत, सिग्नल सुटला, पुढे गेलो, पण रात्री झोपेपर्यंत डोक्यात लाचुंगलाची खिंडच फिरत होती.

मनाली-लेह. आम्ही सगळे परळच्या एकाच चाळीतले. अटल बोगदा तेव्हा व्हायचा होता (२०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला), त्यामुळे रोहतांग चढूनच जायचं. टांडीच्या पंपावर पाटी, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, तिथे टाक्या भरल्या, कॅन भरले, आणि सरचूला रात्र काढली म्हणजे नुसती पडून काढली, डोकं एवढं ठणकत होतं की झोप कोणालाच नाही. सकाळी गाटा लूप्सची २१ वळणं झाली, नकीला खिंड झाली, आणि लाचुंगला चढताना पुढे ट्रकची रांग. पहिला गिअर, अर्धा क्लच, धूळ. आमच्यातल्या सगळ्यात धाकट्याची लिव्हर एकदम सैल होऊन हँडलला टेकली.

स्पेअर वायर होती. निघायच्या आधी आमच्या गॅरेजवाल्याने जुन्या वायरीला लागूनच नवी टेपने बांधून दिली होती, म्हणजे ओढून दोन्ही टोकं बसवायची एवढंच काम. पण ५००० मीटरच्या वर ते एवढंच नसतं. वायरीच्या टोकाची ती शिशाची घुंडी लिव्हरच्या खाचेत सरकवायची, हातमोज्यांनी ती पकडता येत नाही आणि मोजे काढले की जरा वेळात बोटं कोणाची आहेत तेच कळत नाही. एकाने करायचं, बोटं गेली की दुसऱ्याने बसायचं, असं चाललं होतं.

वरच्या वळणावर रस्त्याचं काम चालू होतं. तिथली माणसं बघत होती, मग दोघं खाली आली आणि आम्हाला हाताला धरून डांबराच्या पिंपापाशी घेऊन गेली. पिंपाखाली जाळ केलेला, त्याच्यावर हात धरले. त्यातला एक झारखंडचा, दुमक्याचा. त्याने पत्र्याचा तुकडा आणून गाडीला वाऱ्याची आड केली आणि घुंडी बसेपर्यंत तो धरून उभा राहिला, स्वतःच्या हातात फाटके सुती मोजे. आमच्यातला एकजण म्हणाला मी पुढच्या मुक्कामाला, पांगला, जाऊन तंबू बघतो, तर सगळ्यात थोरला म्हणाला कोणी कुठे जायचं नाही, निघायचं तर सगळ्यांनी.

बाकीची ट्रिप फोटो बघितल्याशिवाय आठवत नाही, तो तासभर मात्र जसाच्या तसा आहे.

तुमच्या गाड्या कुठे बंद पडल्या, कोण थांबलं, लिहा ना. हिमालयच पाहिजे असं काही नाही, आपला सह्याद्रीही चालेल.

मुलुंड चेकनाका

माळशेज. मोरोशीच्या पुढे, मागचं चाक. आम्ही सगळ्या मुली, धुकं एवढं की पुढच्या गाडीचा लाल दिवा पण दिसेना आणि पाऊस आडवा. स्पोकचं चाक म्हणजे ट्यूब, ट्यूबलेससारखी वात घालून मोकळं होता येत नाही, चाक काढायलाच लागतं. आमच्याकडे पाने होते, ट्यूब होती, टायर उचकटायच्या लिव्हर होत्या, आणि एकीने गॅरेजमध्ये बसून शिकून घेतलेलं, पण अॅक्सलचा नट हलेना. पान्यावर उभं राहून पण हलेना.

कल्याणकडे जाणारी एसटी थांबली. ड्रायव्हरकाका खाली उतरले, त्यांच्याकडचा लोखंडी पाइप आणला, पान्याच्या दांड्याला लावला, एक हिसका, नट सुटला. कंडक्टर मागे हातात दिवा धरून उभा राहिला की कोणी आमच्यावर येऊ नये. गाडीतल्या मावशी खिडकीतून ओरडत होत्या पोरींनो आत येऊन बसा गं. नट सुटल्यावर पुढचं आम्ही केलं. काका जाताना म्हणाले पाइप ठेवून घ्या, मला डेपोत दुसरा मिळेल.

अजून माझ्या डिकीत आहे तो.

कांदेपोहे

मस्त लिहिलंय @दादरकर. एक विचारायचं होतं, एवढ्या लांब जाताना खायला काय नेलं होतं? माझा भाचा जुलैत स्पितीला चाललाय आणि वहिनी रोज मला फोन करून विचारतेय काय देऊ काय देऊ.

न्यूट्रल

बारालाचा खिंड, त्याच मनाली-लेह रस्त्यावर. बाकी सगळ्यांच्या एफआय (फ्युएल इंजेक्शनवाल्या), माझी एकट्याची कार्बोरेटरवाली. जिस्पापर्यंत मक्खन चालली आणि झिंगझिंगबार सोडल्यावर फट फट फट आणि बंद, किक मार किक मार, घाम फुटला त्या थंडीत. तिथे हवेचा दाब मुंबईच्या निम्म्याहून थोडाच जास्त, पेट्रोल मात्र कार्बोरेटरचा जेट सोडायचं तेवढंच सोडतो, मग मिश्रण जाड होतं आणि प्लगवर काजळी. एफआयवाल्यांचा सेन्सर हवा बघून पेट्रोल आपोआप कमी करतो, ते सगळे भुर्रकन वर.

वर गेलेले सगळे परत खाली आले. एकाने प्लग काढून काचपेपरने घासला, दुसऱ्याने हवेचा स्क्रू जरासा सैल केला. गाडी चालू झाली पण माझं सामान घेऊन चढेना. मग माझं सामान सगळ्यांनी वाटून घेतलं, तंबू एकाने, बॅग दुसऱ्याने, आणि मी मोकळी गाडी पहिल्या गिअरात रेटत वर काढली. खिंडीत झेंड्यांपाशी पोचलो तर सगळे टाळ्या वाजवत उभे. रडलो मी, खरंच सांगतो.

पाना नंबर दहा

@न्यूट्रल बरोबर केलं मित्रांनी. नुसतं एअर फिल्टर काढून चालवतात काही लोक, हवा वाढते म्हणून, ते करू नये, तिथली बारीक धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते.

माझं गॅरेज आहे कुर्ल्याला, सीझनला लडाखच्या गाड्या तयार करायला येतात. पोरं येतात ती जाळीच्या स्टँडला आणि फॉगलाइटला पैसे घेऊन येतात. मी आधी चेन बघतो. चेनच्या लॉकची ती छोटी क्लिप असते ना, तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते तिकडे पाहिजे आणि उघडं तोंड मागे. उलटी बसवलेली असली तर दगड काटकी लागून निघून जाते, आणि चेन घाटात सुटून इंजिनच्या केसिंगवर बसली तर केसिंगच फुटतं. असल्या गाड्या बघितल्यात. ते केसिंग फुटलं की ऑइल रस्त्यावर आणि मग टेम्पोच. एक सुटं लॉक पाकिटात ठेवा, कुठे पण मिळतं, वजन काही नाही.

गिरगावची आई

मी गाडी चालवत नाही पण लिहिते. मुलगा मित्रांबरोबर गेला होता लेहला. तिकडे आपलं प्रीपेड सिम चालत नाही हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. केलाँगहून बोलला आणि मग सगळं बंद. मी त्याचा शाळेचा नकाशा काढून बसले. ह्यांना म्हटलं फोन करा कोणाला तरी, ते म्हणाले कोणाला करू.

शेवटी लेहहून दुसऱ्याच्या पोस्टपेडवरून फोन आला, आई बेअरिंग गेलं होतं. बेअरिंग म्हणजे काय ते मला माहीत नाही. तो आल्यावर मी त्याच्याबरोबर गॅरेजमध्ये गेले आणि म्हटलं मला दाखवा. फुटलेलं बेअरिंग त्याने पिशवीत घालून आणलंच होतं. हातात घेतलं, आतल्या गोळ्यांचा चुरा झालेला, कडा खरखरीत. नाल्यांमधून गाड्या घातल्या, पाणी आत शिरून ग्रीस धुऊन गेलं असं सांगितलं त्यांनी. माझं पोरगं अशा चाकावर बसून त्या रस्त्याने गेलं होतं. आता सून पण जाते त्याच्याबरोबर. जायच्या आधी मी विचारते, बेअरिंग बघितलंत का.

मुलुंड चेकनाका

काकू 🙏 तुमचा नंबर माझ्या आईला देते, दोघी मिळून आमच्या गाड्या तपासा.

दादरकर भटक्या

@गिरगावची आई, त्या नाल्यांना दुपारनंतर बर्फ वितळून पाणी चढतं, सकाळी घोट्याएवढं असतं तेच चार वाजता गुडघ्यापर्यंत. पहाटे निघालं की बरंच वाचतं, मुलाला सांगा.

@कांदेपोहे आमच्यातल्या एकाच्या आजीने दशम्या दिल्या होत्या. दुधात भिजवलेल्या. पाणी न लावल्यामुळे टिकतात. लसणीची चटणी. पांगला तंबूवाल्याला पण दिल्या, त्याने राजमा-चावल जास्तीचा वाढला.

कांदेपोहे

दशम्या!! हे कसं सुचलं नाही. ज्वारीच्या की कणकेच्या?

घाटमाथा

आंबेनळी घाट, महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना. सगळे न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवत ब्रेकवर उतरत होते, आमच्या ग्रुपच्या पुढे असलेल्या जोडप्याच्या गाडीचा पुढचा ब्रेक गेला. लिव्हर दाबली की सरळ आत. ब्रेक ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि दाब पोचतच नाही. ते ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि जुनं झालं की लवकर उकळतं, आपल्या कोकणातल्या दमट हवेत तर विचारू नका. त्याने मागचा ब्रेक आणि गिअर खाली टाकत टाकत डोंगराच्या बाजूच्या गटारात गाडी घातली. दरीच्या बाजूला नाही, हे त्याचं डोकं. बायकोच्या कोपराला खरचटलं तेवढंच.

आम्ही सगळे थांबलो. एकजण बाटलीतलं पाणी तापलेल्या डिस्कवर ओतायला निघाला, त्याला अडवलं, डिस्क वाकते तशाने. अर्धा तास थंड होऊ दिलं, लिव्हर परत आली, मग एकाने पुढे, एकाने मागे राहून दुसऱ्या गिअरात त्यांना खाली आणलं. पोलादपूरच्या गॅरेजमध्ये जुनं ऑइल काढलं तर चहासारखा रंग.

ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं हे मला माझ्या वडिलांनी एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवून दाखवलं होतं. ते एसटीतच होते.

मुलुंड चेकनाका

कुठल्या डेपोत? पाइपवाले काका कदाचित त्यांच्या ओळखीचे निघतील.

घाटमाथा

महाड. २००९ ला निवृत्त झाले. विचारतो, माळशेजवाले वेगळे असणार पण ड्रायव्हर लोकांची एकमेकांत ओळख असते.

वसईची लाट

सगळे मोठमोठ्या ठिकाणचे लिहितायत, माझं खोपोलीचं. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, म्हणून जुन्या रस्त्याने वर, शिंगरोबाच्या देवळापाशी चेन तुटली. ग्रुपमधल्या कोणाकडे लॉक नाही (@पाना नंबर दहा, तेव्हा तुम्ही कुठे होतात). शिंगरोबा म्हणजे तो धनगर, इंग्रजांना घाटाची वाट दाखवली म्हणतात, येणारेजाणारे गाडीतून नाणी टाकतात. तिथे नाणं टाकायला थांबलेल्या एका टेम्पोवाल्याने टोचन लावून वरपर्यंत नेलं. दोर हँडलला नाही बांधायचा, पुढच्या चिमट्याला (फोर्कला) एक वेढा द्यायचा आणि टोक हातात धरायचं, काही झालं की सोडून देता येतं, हे त्याने शिकवलं. माझा नवरा मागच्या गाडीवरून पूर्ण वेळ ओरडत होता दोर सोड दोर सोड, काही झालेलं नसताना.

न्यूट्रल

😄😄 दादांना नमस्कार सांगा.

ताम्हिणी ते माणगाव

टाकीला खालून गंज लागून भोक पडलेलं, इंजिनवर थेंब थेंब पेट्रोल. ताबडतोब बंद केली, सगळ्यांना लांब केलं, सिगरेटवाल्याला आणखी लांब. थंड झाल्यावर भजीवाल्या मावशींनी त्यांच्या भांड्यापाशी ठेवलेली कपड्याच्या साबणाची वडी दिली. ओला न करता कोरडाच घासून भोकात दाबायचा, पेट्रोलमध्ये तो विरघळत नाही. माणगावपर्यंत एक थेंब नाही. मावशींनी साबणाचे पैसे घेतले नाहीत, मग आम्ही सगळ्यांनी भजी खाल्ली, इतकी की शेवटी बेसन संपलं.

गिरगावची आई

@कांदेपोहे कणकेच्या कर, प्रवासात मऊ राहतात. दूध कोमट घे, थोडा गूळ विरघळव, तूप लावून भाज आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस, वाफ धरली की बुरशी येते. आणि भाच्याला सांग सिम पोस्टपेड घे म्हणावं. स्पितीला चालतं का प्रीपेड?

पाना नंबर दहा

चालतं काकू, तो हिमाचल आहे, प्रीपेडची अडचण लडाख-काश्मीरला. पण रेंजच नसते बऱ्याच ठिकाणी, काझ्याला पोचल्यावर फोन येईल. @कांदेपोहे भाच्याची गाडी कुठली आहे, ट्यूबवाली की ट्यूबलेस? जायच्या आठवडाभर आधी घेऊन ये त्याला. चाक कसं काढायचं ते त्याच्याच हाताने करून घेतो.

कांदेपोहे

ट्यूबवाली आहे. पाठवते शनिवारी, दशम्यांचा पहिला घाणा पण त्याच्याच हाती पाठवते तुमच्याकडे.