सीडी-४ ची खरखर: आधी सुई आणि केबल बघा

तुमच्या जुन्या सीडी-४ डिमॉड्युलेटरचे (चार स्पीकरसाठीच्या सीडी-४ तबकड्यांतून चार आवाज वेगळे काढणारी पेटी) सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले, रडारचा (कॅरियर ओळखल्याचा) दिवाही लागतो, तरी मागच्या स्पीकरमधून सँडपेपर घासल्यासारखी खरखर येते, असं लिहिलंय. लगेच आयसी उपटू नका हो! दिवा फक्त ३० किलोहर्ट्झचा कॅरियर (ऐकू न येणारी वाहक लहर) पोचतोय एवढंच सांगतो, तो धड पोचतोय का हे नाही.

पुढचे आणि मागचे वेगळे करणारा फरकाचा सिग्नल या कॅरियरवर बसलेला असतो आणि साधारण ४५ किलोहर्ट्झपर्यंत जातो. साधी गोल सुई तिथवर वाचूच शकत नाही. शिबाता किंवा तत्सम लाइन-काँटॅक्ट (खाचेला उभ्या रेषेत टेकणारी) सुई हवी. कार्ट्रिजवरचा लोड (डिमॉड्युलेटरच्या इनपुटचा रोध) १०० किलोओहम, आणि टोनआर्मची वायर धरून एकूण कपॅसिटन्स १०० पिकोफॅरडच्या आसपास. आजच्या जाडजूड, महागड्या केबली कपॅसिटन्स वाढवून इथे अनेकदा उलट घात करतात. मीटर लावून मोजाच. शिवाय आधीच्या मालकाने रेकॉर्ड जड सुईवर वाजवून कॅरियर खरवडला असेल तर कुठलाच डिकोडर तो परत आणणार नाही. म्हणून दुसरी, कमी वाजलेली रेकॉर्ड लावून बघा. हे सगळं ठीक निघालं तरच सेपरेशनचे (पुढचा-मागचा आवाज वेगळा ठेवणारे) छोटे प्रीसेट स्क्रू हलवा, तेही मूळ जागेवर मार्करची खूण करून.

वरच्या एका उत्तरात कोणीतरी एसक्यूचं (चार आवाजांची दुसरी पद्धत) सर्किट सुचवलंय. ते मॅट्रिक्स, म्हणजे चार आवाज दोनात मिसळलेले, त्यात कॅरियरच नसतो. या रेकॉर्डींना त्याचा उपयोग शून्य. स्वतः बांधायला मात्र तेच सोपं: काही ऑप-अँप (अँप्लिफायरच्या आयसी), १ टक्क्याचे रेझिस्टर, मोजून जुळवलेले कपॅसिटर.