टिनी बोर्डावर पहिला जावा प्रोग्रॅम: क्रम काय?

प्रश्न
डॅलस सेमीकंडक्टरचा टिनी बोर्ड (जावा चालवणारा छोटा नेटवर्क संगणक; डीएस८०सी३९० प्रोसेसर, १ एमबी रॅम) ई१० सॉकेटमध्ये, म्हणजे त्याच्या आधार-बोर्डात, बसवलाय. फर्मवेअर १.०२ चढवायचंय, पण जावाकिटमध्ये (सीरियल पोर्टवरून बोर्डाशी बोलणारा पीसीवरचा प्रोग्रॅम) पोर्टची यादी रिकामी दिसते. पीसीवर विंडोज आणि जावा ८ आहे. इथपासून नेटवर्कवर एक साधा क्लास चालेपर्यंत काय काय करावं लागेल?

उत्तर १
यादी रिकामी म्हणजे जावाचं कम्युनिकेशन्स एपीआय (जावाला सीरियल पोर्ट वापरू देणारी लायब्ररी) नीट बसलेलं नाही. त्याच्या तीन फायली तीन जागी लागतात: जावाच्या फोल्डरात जार 'लिब'मधल्या 'एक्स्ट'मध्ये, प्रॉपर्टीज फाईल 'लिब'मध्ये, डीएलएल 'बिन'मध्ये. बहुतेकदा प्रॉपर्टीज फाईलच राहून जाते. शिवाय ती डीएलएल ३२ बिटी आहे, तेव्हा जावाही ३२ बिटीच घ्या.

सप्लाय ५ व्होल्ट, रेग्युलेटेड. सीरियल केबल सरळ जोडणीची, वेग ११५२००. रीसेट दाबल्यावर लोडरचा प्रॉम्प्ट आला की आधी टिनीची आणि मग स्लशची (बोर्डावर आज्ञा घेणारं शेल) टीबिन, म्हणजे फर्मवेअरची, फाईल चढवा. त्यानंतर बी१८ (मेमरीची १८ नंबरची बँक निवडणं), एफ० (ती शून्याने भरणं), ई (फर्मवेअर चालू करणं) या आज्ञा याच क्रमाने द्या. पहिल्या दोन टाळू नका: रॅमला बॅटरीचा आधार असल्याने जुना हीप (डेटा साठवायची जागा) तसाच शिल्लक असतो आणि नवं फर्मवेअर त्यावर अडखळतं.

स्लशमध्ये लॉगिन रूट, पासवर्ड टिनी. मग आयपीकॉन्फिग आज्ञेला 'ए' पर्यायाने पत्ता आणि 'एम'ने मास्क द्या. डीएचसीपी हवं असेल तर नुसता 'डी'. पीसीला थेट जोडत असाल तर क्रॉसओव्हर केबल लागेल.

उत्तर २
खरी चूक कंपाइल करताना होते. टिनीचं एपीआय जावा १.१ च्या घराण्यातलं आहे. जावा ८ च्या कंपायलरला सोर्स १.३, टार्गेट १.१ सांगा आणि बूटक्लासपाथ (मूळ क्लास कुठून घ्यायचे तो मार्ग) टिनीक्लासेस जारकडे वळवा. तो वळवला नाही, तर बोर्डावर नसलेले क्लास वापरूनही कंपाइल बिनतक्रार होतं आणि चूक फार उशिरा कळते. जावा ९ पासून हे टार्गेट काढून टाकलंय, त्यामुळे ८ वरच राहा.

पुढे टिनीकन्व्हर्टर (क्लास फाईल बोर्डाच्या रूपात बदलणारा प्रोग्रॅम): 'एफ' पर्यायाला क्लास फाईल, 'डी'ला टिनी डीबी (त्यासाठी लागणारी डेटाबेस फाईल), 'ओ'ला तयार होणारी टिनी फाईल. डीबी चढवलेल्या फर्मवेअरच्याच आवृत्तीची हवी. फाईल एफटीपीने पाठवताना आधी बायनरी मोड लावा, नाहीतर आस्की मोडमध्ये बाइट बदलून फाईल खराब होते.

उत्तर ३
वरच्यात एक भर. फाईल सिस्टिमही त्याच रॅममध्ये असते, म्हणजे बी१८-एफ० केलं की तुमच्या फायली गेल्या. प्रत पीसीवर ठेवाच.

बोर्ड सुरू होताच प्रोग्रॅम चालावा म्हणून 'ईटीसी'मधल्या स्टार्टअप फाईलमध्ये ओळ घालाल, तेव्हा तिच्या शेवटी अँपरसँड द्या. नाहीतर स्लश तो संपायची वाट बघत बसतं.

जावाकिटऐवजी साधं टर्मिनल लावल्यावर बोर्ड गप्प राहिला, तर बोर्डावरचा डीटीआर (सीरियल पोर्टची एक नियंत्रण रेषा) जंपर काढून बघा. त्याच रेषेवरून रीसेट जातो, आणि टर्मिनलने ती धरून ठेवली की बोर्ड रीसेटमध्येच अडकतो.