आठवी ते दहावी: मुलांच्या मानसिक आरोग्याची नोंद कशी ठेवावी?

प्रश्न (शाळा_सातारा): आठवीच्या १२० मुलांची नोंद दहावीपर्यंत ठेवायची आहे. एसडीक्यू (भावना आणि वागण्यातल्या अडचणींची) आणि पीएचक्यू-९ (नैराश्याच्या लक्षणांची) या प्रश्नावल्या ठरल्या आहेत. कधी भरून घ्याव्यात? नावं घ्यावीत का? गुण वाढले तर काय करायचं?

समुपदेशक_ताई: वर्षातून दोनदा पुरे, ऑगस्ट आणि जानेवारी. जूनमध्ये वर्ग नवा, शिक्षक नवे. सहामाहीच्या तोंडावर घेतलंत तर परीक्षेची धाकधूकच मोजाल. महिने दरवर्षी तेच ठेवा.

निनावी नको. त्याच मुलात काय बदललं ते कळणार नाही आणि गरज पडली तर त्याच्यापर्यंत पोचताही येणार नाही. कागदावर सांकेतिक क्रमांक, नावांची यादी समुपदेशकाकडे कुलपात. कागद वर्गशिक्षकांनी गोळा करू नयेत, मुलं हात आखडता घेतात. पालकांची लेखी संमती घ्या, मुलालाही विचारा. ‘कुणालाच सांगणार नाही’ असा शब्द मात्र देऊ नका. जिवाला धोका दिसला तर मोठ्यांना सांगावं लागेल, हे आधीच स्पष्ट करा.

आकडेमोड: एसडीक्यूत २५ विधानं, प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण. अडचणींची बेरीज २० विधानांची, म्हणजे ४० पैकी. इतरांशी आपुलकीची पाच वेगळी. मुलांनी स्वतः भरलेल्या प्रतीत १६ ते १९ काठावर, २० पासून पुढे जास्त.

चूक हमखास होते ती ७, ११, १४, २१ आणि २५ या विधानांत. त्यांचे गुण उलटे मोजायचे. ‘मला एक तरी जवळचा मित्र आहे’ याला ‘खरं नाही’ म्हटलं तर २. कंटाळलेल्या मुलाने सगळीकडे ‘खरं नाही’वर खुणा केल्या, तर या पाचांमुळे बेरीज बरोबर १० येते आणि कागद ‘ठीक’ गटात जातो. आपुलकीचे गुण ० दिसले की तो कागद बाजूला काढा.

दोन-तीन गुणांच्या चढउताराला बदल समजू नका. शिवाय पहिल्या वेळी खूप जास्त गुण आलेल्यांचे दुसऱ्यांदा आपोआप थोडे उतरतात. ते श्रेय कार्यक्रमाला देऊ नये.

मनोविकार_डॉक्टर: पीएचक्यू-९ गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतं, २७ पैकी गुण. १० किंवा जास्त म्हणजे सविस्तर बोलायला हवं. ते निदान नव्हे.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे ० सोडून काहीही असेल, तर एकूण गुण ४ असले तरी त्याच दिवशी मुलाशी एकट्याने बोला. म्हणून प्रश्नावली सकाळी घ्या, शनिवारी तर नकोच, आणि कागद तासाभरात तपासा. सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. काही ठरवलंय किंवा साधन हाताशी आहे असं कळलं, तर मुलाला एकटं न सोडता त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पालकांना शेतीची औषधं घरातून हलवायला सांगा. त्रास घरातल्याच माणसाकडून असेल तर आधी त्याला बोलावू नका; लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कळवणं बंधनकारक आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही.

आकडेमोड: एक राहिलं. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची प्रश्नावली आठवडाभरात घ्याच. शाळा बुडवणाऱ्यांत अडचणीतली मुलं बऱ्याचदा जास्त असतात. ती गळाली की वर्गाची सरासरी उगाचच सुधारलेली दिसते.