जुन्या पुराचा फोटो आजचा म्हणून फिरतोय, काय करावं?

वाळपईकर:
माझ्या मावसभावाचं गोव्यात सत्तरी तालुक्यात म्हादई नदीच्या काठी कुळागर, म्हणजे पोफळींची बाग आहे. त्याने जुलै २०२१ च्या पुराचा फोटो फेसबुकवर टाकला, पोफळींत कंबरभर पाणी, आणि वर सरळ लिहिलं होतं की २०२१ मध्ये अशी वेळ आली होती, देवाच्या कृपेनं सावरलो. कोणीतरी नुसता फोटो उचलला आणि 'आत्ताची बातमी, सत्तरी पाण्याखाली' लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडला. आता मुंबईचे नातेवाईक विचारतात चवथीला यायचं की नको, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या फळाफुलांचं सामान नेणारा म्हणतो यंदा दुसरीकडून घेतो, आणि गावातले उलट भावालाच बोलतात की तू घबराट पसरवतोस. बिचारा नीट जेवतही नाही. पोस्ट डिलीट करावी का?

फोंडेकार:
अजिबात नको! तीच त्याचा पुरावा आहे, तारखेसकट. काढली तर म्हणतील पकडला गेला म्हणून काढली. मूळ पोस्टचा तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ज्या ज्या ग्रुपवर फोटो आलाय तिथेच टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो कधी काढला ती माहिती त्यातून निघून जाते, म्हणून फोनमधला मूळ फोटो जपून ठेवा. आणि पुढच्या वेळी साल फोटोवरच लिहा, वरचा मजकूर लोक कापतातच.

मडगावची:
पण ऐन पावसात असले फोटो टाकायचेच कशाला? लोक आधीच घाबरलेले असतात.

डिचोलीकर:
ताई, हे नाही पटलं. ज्याचं नुकसान झालं त्याने आठवणसुद्धा काढू नये का? चूक वर मजकूर बदलणाऱ्याची आहे. सांजांवचंच बघा, २४ जूनला लोक डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात, सेंट जॉनचा सण आहे तो, पण तोच व्हिडिओ बाहेर गेला की खाली कमेंट काय, तर गोव्यात सगळे दारू पिऊन पडलेले. व्हिडिओ खरा, अर्थ लावला भलताच, आणि आपल्या माणसांची बदनामी होते याचा मला मनापासून राग येतो.
आणि हे हलकं घेऊ नका कोणी. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच निरपराध माणसं मारली जमावाने, फॉरवर्ड झालेल्या अफवांवरून. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं जाहीर केलं. मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो बऱ्याच हातांतून आलाय, तिथे तरी थांबून विचारा की हे कधीचं, कुठलं.

मडगावची:
सांजांवचं बरोबर बोललात. मीही आमच्या ग्रुपवर खुलासा टाकते, वाळपईकर, तो स्क्रीनशॉट इथे द्या.

वाळपईकर:
दिलाय खाली. माटोळीवाल्याला भावाने व्हिडिओ कॉलवर कुळागर दाखवलं, तो उद्या स्वतः बघायला येतोय. मुंबईवाल्यांनी तिकिटं ठेवलीत. गावच्या ग्रुपवर अजून दोघं ऐकत नाहीत, त्यांच्या घरी आज संध्याकाळी आम्ही दोघे जाऊन बोलणार.